खोल समुद्रातल्या प्रवाळांचा मॉडेल सेट: तुकडे एक नंबर, कार्ड मात्र जुनं (सहा महिने वापरून)

आधीच सांगते, हा सेट मला कुणी रिव्ह्यूसाठी फुकट पाठवलेला नाही, स्वतःच्या पैशाने मागवलाय. बनवणाऱ्यांचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण असले सेट आता बरेच जण विकतात आणि साचे बघितले, कार्डं बघितली की सगळे एकमेकांचे चुलतभाऊ वाटतात. तर हे वाचा आणि तुमच्याकडे जे खोकं येईल त्याला लावून बघा, एवढंच.

खोक्यात तीन तुकडे येतात. पहिला फांद्याफांद्यांचा, वीतभर उंच, मूळ आकारातला, कार्डावर नाव दिलंय लोफेलिया पर्टुसा. दुसरा एकच मोठा पेला (म्हणजे प्रवाळाचा एक प्राणी ज्यात बसतो तो सांगाड्याचा वाडगा), खरा असतो त्याच्या तिप्पट केलेला, नाव डेस्मोफायलम डायअँथस. तिसरा म्हणजे तोच पेला उभा चिरून अर्धा केलेला आणि त्यावर चढवायचा-काढायचा सिलिकॉनचा पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा मऊ जिवंत प्राणी. सोबत एक भिंग आणि घडीचं जाड कार्ड, ज्यावर वंशवृक्ष छापलाय आणि त्यात वरचे दोघं दोन वेगळ्या फांद्यांवर बसवलेत, वेगळ्या रंगात, मधे चांगलं चार बोटं अंतर. म्हणजे खोक्यावरच मोठ्या अक्षरात लिहिलंय ना, "दोन प्रजाती एका सेटमध्ये".

(प्रजाती म्हणजे इथे जीनस हं. आपल्या पाठ्यपुस्तकात जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती, पेपरवाले बरोब्बर उलटं लिहितात आणि मग गोंधळ होतो. मी पुस्तकातलंच धरतेय.)

तर गंमत अशी की खोक्यात दोन प्रजाती नाहीचेत. एकच आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या दोघांना एकत्र करून टाकलंय, लोफेलिया हे नाव बाजूला पडलं आणि फांद्यावाल्याचं आताचं नाव डेस्मोफायलम पर्टुसम. मला हे आधीपासून माहीत होतं अशातला भाग नाही, मी झूलॉजी शिकले तेव्हा लोफेलियाच होतं, आणि खरं सांगायचं तर या सेटमुळेच मी खोदत गेले कारण दोन्ही तुकडे शेजारी ठेवून भिंगातून बघताना काहीतरी खटकायला लागलं. त्याबद्दलच जास्त लिहिणारे, पॅकिंग वगैरेचं शेवटी दोन ओळीत.

पहिल्यांदा फांदी घेऊ. रेझिन आहे, पांढरं, चमक नसलेलं, हातात घेतल्यावर वजन जाणवतं आणि ते बरं वाटतं, कारण खऱ्या सांगाड्याच्या फांद्याही भरीव जाड असतात. खरा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचाच एक स्फटिकप्रकार. फांद्या मधेच एकमेकींना चिकटून पुन्हा वेगळ्या होतात, जाळीसारखं होतं, आणि प्रत्येक टोकाला एक पेला. जुन्या पेल्याच्या काठापाशी नवा पेला फुटतो, तो वर येतो, त्याच्या काठाशी आणखी एक, असं करत करत झुडूप. साच्यात हे सुंदर आलंय, कुठला पेला थोरला आणि कुठला त्याचा धाकटा हे बोट ठेवून सांगता येतं.

पण फांदीच्या एका बाजूला एक लांबट फुगवटा होता, पोकळ नळी फांदीला चिकटून गेलीय असा. मला वाटलं साच्याचा डिफेक्ट. फोटोबिटो काढून रिटर्नचा फॉर्म अर्धा भरला होता! मग रात्री सहज वाचत बसले तेव्हा कळलं की ही युनिसे नॉर्वेजिका नावाच्या किड्याची नळी असणार. हा केसाळ, लांबलचक समुद्री किडा या प्रवाळाच्या फांद्यांमधे राहतो, स्वतःभोवती चर्मपत्रासारखी पातळ नळी करतो आणि प्रवाळ त्या नळीवरच कॅल्शियमचा थर चढवून ती आपल्या सांगाड्यात घेतो. किडा प्रवाळाच्या तोंडचा घास पळवतो पण टाक्यांमधल्या निरीक्षणात असंही दिसलंय की तो प्रवाळाचे सुटे तुकडे ओढून एकमेकांजवळ आणतो, आणि ते मग जुळून जातात. म्हणजे भाडेकरू चोर आहे पण गवंडीकामही करतो. याचा अर्थ साचा खऱ्या नमुन्यावरून स्कॅन केलेला आहे, कुणी कॉम्प्युटरवर बसून मनाने काढलेला नाही. पूर्ण मार्क. पण अहो, कार्डावर एक ओळ टाकायची ना याच्याबद्दल! माझ्यासारखे अजून किती जण रिटर्न करत असतील देव जाणे.

आता मोठा पेला. हाच खरा हिरो आहे सेटचा.

वरून बघितलं की काठापासून मध्याकडे येणारे उभे पडदे दिसतात, त्यांना सेप्टा म्हणतात. ते कसेही नसतात, फेऱ्यांमधे येतात. पहिल्या फेरीत ६, दुसरीत ६, तिसरीत १२, चौथीत २४, पाचवीत ४८, सगळे मिळून ९६. पहिल्या दोन फेऱ्यांचे १२ पडदे सगळ्यात जाड आणि उंच, पेल्याच्या काठाच्याही वर डोकं काढतात. आता भिंग घ्या आणि असे दोन थोरले पडदे निवडा शेजारशेजारचे, त्यांच्या मधे सात धाकटे सापडतील, बरोब्बर मधला तिसऱ्या फेरीचा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चौथ्या फेरीचा आणि उरलेल्या सगळ्या फटींमधे पाचव्या फेरीचे बारीक चार. असे बारा गाळे. बारा साते चौऱ्याऐंशी, अधिक ते थोरले बारा, झाले ९६. हे पाढ्यात बसतंय हे मला कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते टेबलाशी. या सहाच्या पटीमुळेच हे हेक्झाकोरालिया नावाच्या उपवर्गात जातात, आणि समुद्रपंखे वगैरे मऊ मंडळी आठ शुंडकांची (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या सोंडांची) म्हणून ऑक्टोकोरालियात.

म्हणून माझी पहिली खरी तक्रार: पाचव्या फेरीचे पडदे काही ठिकाणी रेझिनने बुजलेत. मी तीनदा मोजले, ८९, ९१, ८९. तिप्पट मोठं करूनसुद्धा जर सगळ्यात बारीक पडदे येत नसतील तर तिप्पट करायचं कारण काय? मुलांना मोजायला दिलं तर त्यांना फेऱ्यांचा हिशोब लागणारच नाही आणि ती म्हणतील पुस्तक चुकलंय. खऱ्या प्राण्यातही सगळ्या पेल्यांमधे गणित इतकं चोख बसतं असं नाही, लहान वयाच्या पेल्यात शेवटची फेरी अपुरी असते, पण इथे अपुरी नाहीये, बुजलेली आहे, फट अर्धवट दिसते आणि मधेच रेझिनचा थेंब. फरक कळतो.

यानंतर मी फांदीवरच्या पेल्यांकडे वळले, म्हटलं तिथेही मोजू. तिथे काही हिशोब लागेना. सहाच्या पटीची सुरुवात दिसते पण मग कुठे एक पडदा जास्त, कुठे एक गाळा अर्धा, फेऱ्या एकमेकीत घुसलेल्या. मी पुन्हा साच्याला शिव्या घातल्या, आणि पुन्हा चूक माझीच निघाली, कारण खऱ्या लोफेलियातही पडद्यांची मांडणी अशीच विस्कळीत असते, वर्णनांमधे तसं लिहिलेलंच असतं. एका पेल्यातून दुसरा फुटत राहतो तिथे शिस्त कुठून येणार.

मग सारखं काय आहे दोघांत? तर आतला खड्डा. मोठ्या पेल्यात भिंग घालून तळाशी बघा, पडदे खोल उतरतात आणि मधे काही नाही. खांब नाही. बऱ्याच एकांड्या प्रवाळांमधे पेल्याच्या मध्यभागी एक खांबासारखा भाग असतो, कॉल्युमेला, आणि काहींत पडद्यांच्या आतल्या टोकांपाशी आणखी छोट्या सुट्या पाकळ्या उभ्या असतात, त्यांना पाली म्हणतात. कॅरिओफिलिया ही याच कुळाची नावाजलेली प्रजाती बघितली तर तिच्यात पालीही आहेत आणि पीळ घातलेल्या फितींचा जुडगा असावा तसा कॉल्युमेलाही. आपल्या मोठ्या पेल्यात पाली नाहीत, कॉल्युमेला नाही किंवा असलाच तर नावापुरता. आणि फांदीवरच्या पेल्यात बघितलं तर तिथेही तेच, पाली नाहीत, मधला खांब जवळजवळ नाही, खोल खड्डा, काठावरून डोकावणारे थोरले पडदे. म्हणजे बाहेरून एक झुडूप आणि एक तुतारीचं तोंड, पण आत वाकून बघितलं की एकाच घरातल्या खोल्या.

एवढ्यावरून दोघं एक असं कुणी ठरवू नये, ते मला मान्य आहे. "नाही" हा पुरावा कच्चाच असतो, दोन माणसांना दाढी नाही म्हणून ती सख्खी भावंडं ठरत नाहीत. जुन्या लोकांनीही म्हणूनच नाही जोडली, त्यांनी वसाहत करणारा आणि एकटा राहणारा हा फरक मोठा धरला आणि त्या काळात तो धरणं चूकही नव्हतं.

नावांचा इतिहास बघाल तर डोकं गरगरेल. लिनियसने १७५८ साली फांद्यावाल्याला माद्रेपोरा पर्टुसा म्हटलं, पर्टुसा म्हणजे भोकं पडलेली. त्या काळात दगडी प्रवाळ दिसलं की माद्रेपोरा असाच कारभार होता. १७६८ मधे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे बिशप गुनेरुस यांनी तिथल्या प्रवाळांवर लिहिलं, हो, नॉर्वेत, थंड पाण्यात, कोळ्यांच्या गळाला अडकून वर येत असत. १७९४ साली एस्परने एकांड्या पेल्याला नाव दिलं तेही माद्रेपोरा डायअँथस, डायअँथस म्हणजे फुलांच्या दुकानातला कार्नेशन, आणि पेल्याचा लाटालाटांचा काठ बघितला की पटतं. नंतर त्यालाच कुणी क्रिस्टागाली म्हणजे कोंबड्याचा तुरा म्हटलं, तेही पटतं. १८३४ मधे एहरेनबर्गने डेस्मोफायलम ही प्रजाती काढली. १८४९ मधे मिल्न-एडवर्ड्स आणि हेम यांनी लोफेलिया काढली, अर्थ लावतात तो सूर्यांचा झुबका असा. जिथे सूर्याचा किरण पोचत नाही तिथल्या प्राण्याला सूर्यांचा झुबका! पेल्यांचे पडदे किरणांसारखे दिसतात त्यावरून असणार. मधल्या काळात लोफोहेलिया प्रोलिफेरा असंही लिहायचे, जुन्या पुस्तकात ते दिसलं तर घाबरू नका, तोच प्राणी.

आणि मग डीएनए आला. यात एक अडचण होती ती मला वाचून कळली. प्रवाळांचं मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचं वेगळं डीएनए) फार सावकाश बदलतं, माणसासारख्या प्राण्यांच्यासारखं नाही, त्यामुळे दोन प्रवाळांचं ते सारखं निघालं म्हणून लगेच उड्या मारता येत नाहीत, कारण जरा लांबच्या नातेवाइकांचंही सारखं दिसू शकतं. म्हणून २०१६ च्या कामात शास्त्रज्ञांनी दोघांचे अख्खे मायटोकॉन्ड्रियल जीनोम तर शेजारी ठेवलेच, शिवाय केंद्रकातल्या मायक्रोसॅटेलाइट खुणाही तपासल्या, ज्या भराभर बदलतात. दोन्हीकडून एकच उत्तर, हे दोघं इतके जवळचे आहेत की वेगळ्या प्रजाती ठेवण्यात अर्थ नाही. लक्षात घ्या, जाती दोन राहिल्या, डायअँथस वेगळी आणि पर्टुसम वेगळी, फक्त प्रजातीचं छत एक झालं. आणि दोन नावांची एक प्रजाती करायची तर नियम साधा आहे, आधीचं नाव राहतं. १८३४ विरुद्ध १८४९, त्यामुळे कमी प्रसिद्ध डेस्मोफायलम जिंकलं आणि जगभर गाजलेलं लोफेलिया हरलं. अनेकांना ते अजून जिभेवरून जात नाही, लेखांमधे "पूर्वीचं लोफेलिया" असं लिहिलेलं दिसतंच. मलाही बोलताना लोफेलियाच येतं तोंडात, या रिव्ह्यूतही मधेमधे आलंय बघा, राहू दे.

आता कार्ड छापणाऱ्याने हे सगळं छापावं अशी माझी अपेक्षा नाही हो. पण २०१६ नंतर इतक्या वर्षांनी नवीन सेट काढताय तर वंशवृक्ष एकदा तपासा. आणि उलट विचार करा, "एकच प्रजाती, दोन तऱ्हा" असं खोक्यावर छापलं असतं तर "दोन प्रजाती"पेक्षा दसपट जास्त खप झाला असता, निदान मी तरी दोन घेतले असते. हातात त्यांच्या इतकी भारी गोष्ट आहे आणि त्यांनाच पत्ता नाही.

वृक्षाचा बाकीचा भाग ठीक आहे: स्क्लेरॅक्टिनिया हा गण म्हणजे दगडी प्रवाळ, त्याखाली कॅरिओफिलिडी कुळ. त्या कुळाचंही आता खरं नाही, डीएनएने बघितलं तर ते एका मुळाचं निघतच नाही, वेगवेगळ्या शाखांमधले लोक एका छपराखाली कोंबलेत असं दिसतं. पण ते अजून कुणी नीट निस्तरलेलं नाही त्यामुळे कार्डवाल्यांना मी यावरून नाही धरणार.

सिलिकॉनच्या पॉलिपबद्दल. याला मी सगळ्यात कमी अपेक्षा ठेवली होती आणि हाच सगळ्यात जास्त शिकवून गेला. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं की सांगाडा म्हणजे हाडं, आत, आणि मांस त्याच्याभोवती. प्रवाळात तसं नसतं. पॉलिप हा एका पिशवीसारखा प्राणी, वर तोंड आणि भोवती शुंडकं, आणि तो आपल्या बुडाखाली सांगाडा टाकत जातो. म्हणजे सांगाडा तांत्रिकदृष्ट्या शरीराच्या बाहेरच असतो, फक्त पडदे खालून वर उभे राहतात आणि पिशवीचं बूड घड्या पडून त्यांच्यावर चढतं, बोटांवर हातमोजा चढवावा तसं. या सेटमधे सिलिकॉनच्या बुडाला खरोखर तशा खाचा दिल्यात, अर्ध्या पेल्यावर दाबत दाबत बसवायचा आणि एकदम खट्कन बसतो. भाचीला शब्दाने दहा मिनिटं समजावत होते ते तिला हाताने दहा सेकंदात कळलं.

पिशवीच्या आत आणखी मऊ पडदे असतात, मेसेंटरी, ते कडक पडद्यांच्या मधल्या जागांत येतात, एक कडक एक मऊ असा साधारण क्रम. त्यांच्या कडेला धागे असतात आणि घास तिथे पचतो. तोंड एकच, आत जायचं आणि बाहेर टाकायचंही त्यातूनच. सिलिकॉनमधे मेसेंटरी दाखवल्यात पण धागे नाहीत, चालेल, एवढं बारीक टिकलंही नसतं. पेल्याच्या काठावरून बाहेरच्या बाजूलाही थोडी कातडी उतरते, ती इथे बरोबर दाखवलीय, आणि हे महत्त्वाचं आहे कारण पेल्याची भिंत बाहेरून जाड होते ती या कातडीमुळेच. फांदीच्या तुकड्यात खालच्या जुन्या पेल्यांच्या भिंती इतक्या जाड झाल्यात की तोंडं अरुंद होऊन गेलीत, वरच्या नव्यांची पातळ आणि ऐसपैस. पॉलिप वर सरकत जातो तसा खाली पातळ आडवी तळी टाकून जुना भाग बंद करतो. असल्या एकदोन आडव्या भिंती मोडलेल्या टोकातून डोकावल्या की दिसतात. टोक मोडलेलं का आहे ते पुढे सांगते.

पण रंग! अहो सिलिकॉनला हिरवट-तपकिरी छटा दिलीय. म्हणजे उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या मॉडेलचा रंग उचलून इकडे ओतला. उथळ पाण्यातल्या प्रवाळांना तो रंग त्यांच्या कातडीत राहणाऱ्या शैवालामुळे येतो, ते शैवाल उन्हावर अन्न करतं आणि प्रवाळाला पोसतं. आपला हा प्राणी बहुतेक दोनशे मीटर ते हजार मीटर खोलीवर राहतो, चार ते बारा अंश तापमानात, त्याच्यात शैवाल नसतंच, तो शुंडकांनी पाण्यातले बारीक जीव आणि वरून पडणारा कचरा पकडून जगतो. जिवंत कातडी अर्धपारदर्शक, पांढरी, नाहीतर गुलाबी-केशरी असते. दगडी प्रवाळांच्या जवळपास निम्म्या जाती अशा बिनशैवालाच्या असतात आणि लोकांना वाटतं प्रवाळ म्हणजे निळंशार उथळ पाणी आणि रंगीत मासे. ज्या सेटने हा गैरसमज काढायचा त्यानेच तो रंगवून दिलाय, इथे मी एक पूर्ण स्टार कापला. केशरी रंग द्यायला काय जास्तीचे पैसे पडले असते का?

खोलीचंही कार्डावर फक्त "अतिखोल" एवढंच. मजा अशी की हे दोघंही नियम मोडतात. ट्रॉन्डहाइमच्या फ्योर्डमधे (डोंगरांमधे शिरलेल्या खोल, अरुंद खाडीत) पर्टुसम ३९ मीटरवर सापडतं, आणि चिलीच्या दक्षिणेकडच्या फ्योर्डमधे डायअँथस वीस मीटरच्याही आत, साधे डायव्हर जाऊन हात लावून येतात. थंडी, अंधार आणि वाहतं पाणी मिळालं की झालं, मीटर कोण मोजतो. तिकडे कोमाऊ फ्योर्डमधे तर पाणी बऱ्यापैकी आम्लधर्मी असूनही डायअँथसची गर्दी आहे, आणि अ‍ॅरागोनाइट आम्लात विरघळतं हे आपल्याला शाळेपासून माहीत, त्यामुळे शास्त्रज्ञ तिथे मुक्काम ठोकून बसतात.

आणि एका छताखालच्या या दोघांचे संसार किती वेगळे बघा. फांद्यावाला चांगल्या जागी वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत वाढतो. उत्तर समुद्रातली ब्रेंट स्पार ही तेल साठवायची टाकी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर याच्या वसाहती बसलेल्या होत्या, आणि टाकी समुद्रात कधी ठेवली ते माहीत असल्यामुळे वाढीचा वेग काढता आला. असं वाढत वाढत, खालचं मरत वरचं जगत, तो भिंती उभ्या करतो. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळचा रोस्ट रीफ २००२ मधे सापडला, सुमारे ३५ किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटरपर्यंत रुंद. आणि २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडच्या ब्लेक पठारावरचा नकाशा जाहीर झाला, सुमारे ५०० किलोमीटर लांब, ११० किलोमीटरपर्यंत रुंद पट्टा, ८३,९०८ टेकाडं मोजलीत आणि ती उभारण्यात मुख्य हात या आपल्या पर्टुसमचा. टेबलावरचा वीतभर तुकडा हातात घेऊन हे वाचलं तेव्हा मी तो जरा जपून खाली ठेवला.

एकांडा मात्र भिंतबिंत काही बांधत नाही. खडकाला बूड चिकटवून बसतो, कधी दुसऱ्या डायअँथसच्या पाठीवर, वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतो. पण त्याच्या सांगाड्यात तो जगला त्या काळचं पाणी कोंडलेलं असतं म्हणा ना, म्हणजे त्या पाण्यातली रासायनिक खूण. युरेनियम-थोरियमने वय काढायचं आणि त्याच तुकड्यात कार्बन-१४ मोजून तेव्हाचं खोल पाणी किती जुनं होतं ते काढायचं. १९९८ मधे असल्याच एकांड्या सांगाड्यांवरून दाखवलं गेलं की सुमारे १५,४०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकचं खोल पाणी झपाट्याने बदललं होतं. झुडूप घर बांधतंय, पेला डायरी लिहितोय, आणि कार्डावर दोघांपुढे "समुद्री परिसंस्थेत महत्त्वाचे" एवढं एकच वाक्य, तेही दोनदा.

कंपनीला मेल केला. आधी उत्तर आलं की मजकूर तज्ज्ञांकडून तपासलेला आहे. मी २०१६ चा हवाला पाठवला, रंगाचं लिहिलं, पडद्यांचे तीन आकडे पाठवले. तीन आठवडे शांत. मग एक सुधारित कार्डाची पीडीएफ आली, वृक्षात दोन्ही एका फांदीवर, छान, आणि खाली नाव छापलंय डेस्मोफायलम पर्टुसा. अरे देवा! प्रजातीचं लिंग बदललं की जातीच्या विशेषणाचं शेपूटही बदलावं लागतं, आपण नाही का "काळी गाय" आणि "काळं वासरू" म्हणत. लोफेलिया स्त्रीलिंगी म्हणून पर्टुसा, डेस्मोफायलम नपुंसकलिंगी म्हणून पर्टुसम. डायअँथसचं काही बिघडत नाही कारण ते फुलाचं नाव आहे, विशेषण नाही. पुन्हा मेल केला. यावेळी दोन दिवसांत उत्तर आलं आणि, खरं सांगते, माफी मागून बरोबर करून पाठवलं, शिवाय विचारलं की किड्याच्या नळीबद्दल चार ओळी लिहून द्याल का. दिल्या. नव्या छपाईत टाकतील म्हणाले. म्हणून सर्व्हिसला मी शिव्या देणार नाही, हळू आहे पण ऐकणारी आहे.

पॅकिंग: फोमच्या खाचा फांदीच्या मापाच्या नाहीत, त्यामुळे माझ्या तुकड्याचं एक टोक मोडूनच आलं. ते बदलून मागितलं नाही, कारण मोडल्यामुळेच आतल्या आडव्या भिंती दिसतात. भिंग बऱ्यापैकी पण दांडी हलते. पडद्यांमधे धूळ बसते ती जुन्या टूथब्रशने नाही निघत, रंगाचा बारीक ब्रश वापरा, आणि मोठ्या पेल्याच्या काठाला लहान मुलांपासून सांभाळा, थोरले पडदे खरोखर धारदार आलेत.

घ्यावा का? कॉलेजच्या लॅबसाठी हो, घरी शिकणाऱ्या दहावीच्या पुढच्या मुलांसाठी हो, नुसतं शोकेसमधे ठेवायला असेल तर फांदी एकटी मिळते का बघा, ती दिसायला सुंदर आहे. अगदी लहानांसाठी नको. पाचपैकी साडेतीन: रंगाचा एक आणि बुजलेल्या पडद्यांचा अर्धा कापला. कार्डाचा कापला नाही कारण बरोबर करून दिलं, आणि ते चुकलं नसतं तर मी त्या दोन पेल्यांत इतक्या वेळा वाकून बघितलंही नसतं.

मोठ्या पेल्याची नवीन बॅच नव्या साच्यातून काढलीय म्हणे, मला एक बदलून पाठवतायत. आला की पडदे मोजून आकडा इथेच खाली टाकते.